सही करण्याआधी भिंत मागा

ज्यांच्या गृहनिर्माण संस्थेचा पुनर्विकास येत्या वर्षा-दोन वर्षांत व्हायचा आहे, अशा मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक, नागपूर आणि कोकणातल्या सर्व सभासदांना हे कळकळीचं आवाहन आहे. विकासकाबरोबरच्या करारनाम्यावर सही करण्याआधी एक कागद मागून घ्या : बाहेरच्या भिंतीचा छेद. ती भिंत कशाची आहे, किती जाडीची आहे, तिच्यातून उन्हाची किती उष्णता घरात येणार आणि तिच्यात शिरलेलं पावसाचं पाणी कुठून बाहेर पडणार, हे त्या कागदावर असलं पाहिजे. नसेल तर सही थांबवा.

बांधकाम अभियंता म्हणून मी पुनर्विकासाच्या सभांना बसतो. कार्पेट किती वाढणार, कॉर्पस किती, भाडं किती महिन्यांचं आगाऊ मिळणार, पार्किंग कसं, लिफ्ट कोणत्या कंपनीची, यावर रात्री उशिरापर्यंत घमासान होतं. टाइल्सचा ब्रँड करारात लिहिला जातो, नळांचा लिहिला जातो. भिंतीबद्दल मात्र बहुतेक करारांत एक ओळ असते : आरसीसी किंवा ब्लॉकची बाह्य भिंत, वर ॲक्रिलिक रंगाचे दोन हात. टाइल दहा वर्षांनी बदलता येते, नळ उद्या बदलता येतो. वीस मजल्यांच्या इमारतीची बाहेरची भिंत सुधारायची म्हटलं तर पुन्हा परांची बांधा, पुन्हा सगळ्यांची संमती घ्या, पुन्हा वर्गणी काढा. हे कुणी करत नाही. पुढची पन्नास वर्षं त्या भिंतीचं ऊन आणि ओल सोसण्याखेरीज हातात काही उरत नाही.

भिंतीचा विषय सभेत निघत नाही याला एक कारणही आहे. रेरा कायद्यातल्या कार्पेट क्षेत्राच्या व्याख्येत बाहेरची भिंत धरलेलीच नाही. आतल्या पार्टिशनच्या भिंती मोजल्या जातात, बाहेरच्या वगळल्या जातात. त्यामुळे तेवढ्याच बांधकाम क्षेत्रात बाहेरची भिंत जितकी पातळ, तितकं कार्पेट जास्त दाखवता येतं. सभासद कार्पेट ताणून मागतो आणि भिंत आपोआप बारीक होत जाते. त्यात आता उंच इमारतींना ॲल्युमिनियमच्या साच्यात सगळी भिंत एकदम काँक्रीटची ओतण्याची पद्धत रूढ झाली आहे. साइटवर तिला 'मिवान' म्हणतात. काम झपाट्याने होतं, भिंत सरळ आणि मजबूत येते, गिलाव्याचा खर्चही वाचतो. पण काँक्रीट उष्णता फार सहज वाहून नेतं.

किती सहज, ते आकड्यांतच पाहा. भिंतीच्या आत आणि बाहेर तापमानात एका अंशाचा फरक असताना दर चौरस मीटरमधून किती वॅट उष्णता जाते, त्याला यू-व्हॅल्यू म्हणतात. आकडा जितका लहान तितकी भिंत चांगली. १५० मिलीमीटर जाडीच्या साध्या आरसीसी भिंतीची यू-व्हॅल्यू ३.७७ च्या आसपास येते. आपल्या जुन्या चाळींतल्या आणि इमारतींतल्या नऊ इंची विटांच्या, दोन्ही बाजूंनी गिलावा केलेल्या भिंतीची साधारण २. म्हणजे जुनं घर पाडून नव्या टॉवरमध्ये गेलेला माणूस उन्हाच्या बाबतीत जवळजवळ दुपटीने वाईट भिंतीच्या आत राहायला जातो. २०० मिलीमीटरच्या एएसी ब्लॉकची, ज्याला पुण्याकडे सरसकट सिपोरेक्स म्हणतात, यू-व्हॅल्यू ०.७७ च्या घरात असते. आणि त्याच १५० मिलीमीटर आरसीसी भिंतीला बाहेरून ५० मिलीमीटरचा उष्णतारोधक थर चढवला, तर ३.७७ चे ०.६ होतात.

हे घरात कसं उतरतं? पश्चिमेची दहा चौरस मीटरची भिंत घ्या. बाहेर ४० अंश, आत एसी लावून २५. उघड्या काँक्रीटमधून साधारण ५६५ वॅट उष्णता सतत आत येत राहते. थर चढवलेल्या भिंतीतून ९० वॅट. थेट ऊन या हिशेबात धरलेलं नाही, ते धरलं तर फरक आणखी वाढतो. ही जादाची उष्णता तुमचा एसी रोज बाहेर फेकतो आणि त्याचं बिल तुम्ही भरता. ज्याच्या घरात एसी नाही, तो ती अंगावर घेतो. दिवसभर तापलेलं काँक्रीट रात्री उष्णता आत सोडतं, म्हणून बाहेर वारा सुटला तरी खोलीत झोप लागत नाही. नागपूर, चंद्रपूर, अकोल्याच्या लोकांना हे समजावून सांगायला नको. २०१९ साली जाहीर झालेल्या भारताच्या शीतकरण कृती आराखड्यात देशाची थंडाव्याची गरज २०३७-३८ पर्यंत २०१७-१८ च्या सुमारे आठपट होईल असा अंदाज आहे. ही गरज कितपत वाढेल, हे आज आपण कशा भिंती उभ्या करतो त्यावर मोठ्या प्रमाणात ठरणार आहे.

इथे विकासक म्हणेल, आम्ही ब्लॉक वापरतोच आहोत, मग आणखी थर कशाला? माझं सगळ्यांत मोठं सांगणं या प्रश्नाच्या उत्तरातच आहे. मे महिन्यात रात्री नऊच्या सुमारास ब्लॉकच्या बांधकामातल्या पश्चिमेच्या खोलीत जा आणि भिंतीच्या मधल्या भागावर तळहात ठेवा. मग तोच हात कोपऱ्यातल्या कॉलमवर आणि छताखालच्या बीमवर न्या. ब्लॉक बराच निवलेला असतो, कॉलम आणि बीम अजून तापलेले असतात. उष्णता ब्लॉकमधून वाट काढत बसत नाही, ती काँक्रीटमधून सरळ आत येते. समजा बाहेरच्या भिंतीचा पाचवा हिस्सा कॉलम, बीम आणि स्लॅबच्या कडांनी व्यापला आहे आणि बाकी सगळा उत्तम ब्लॉक आहे. तरी संपूर्ण भिंतीची सरासरी यू-व्हॅल्यू ०.७७ राहत नाही, १.४ च्या जवळ जाते. कागदावर मिळालेला बराचसा फायदा काँक्रीटच्या त्या पट्ट्यांतून निघून जातो. म्हणून थर सलग हवा. बीमवरून, कॉलमवरून, स्लॅबच्या कडेवरून, एका मजल्याकडून दुसऱ्याकडे न तुटता. तो बाहेरूनच हवा, कारण आतून लावलेला थर प्रत्येक स्लॅबपाशी आणि प्रत्येक आडव्या भिंतीपाशी तुटतो. बाल्कनीपाशी सलगपणा राखणं अवघड असतं. तिथे वास्तुविशारदाने डोकं लावायला हवं आणि त्याने ते लावलं की नाही हे छेदात दिसतं.

या थराचा आणखी एक उपकार आहे, त्याची चर्चा फार होत नाही. ब्लॉकची भिंत बांधताना वर बीमपाशी शेवटच्या थराला पूर्ण ब्लॉक बसत नाही. गवंडी तिथे तुकडे आणि माल ठोसून भरतो. माल सुकून आकसतो आणि बीमखाली केसाएवढी आडवी चीर राहते. कॉलमच्या कडेला तशीच उभी. जोडावर चिकनमेश मारली, तरी उन्हात काँक्रीट आणि ब्लॉक वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात आणि रात्री आकसतात. रोज हे ताणणं-सैलावणं चाललं की गिलाव्यावर तीच चीर पुन्हा उमटते आणि जूनमध्ये नैऋत्येचा पाऊस तिथूनच आत शिरतो. बाहेरून सलग थर असेल तर कॉलम, बीम आणि ब्लॉक सगळेच सावलीत राहतात, तापमानाचे हेलकावे कमी होतात आणि चिरा पडण्याचं एक मोठं कारण नाहीसं होतं. ऊन अडवणं आणि ओल अडवणं ही दोन वेगळी कामं नाहीत, एकाच भिंतीची आहेत.

पण फक्त थर लावून भागणार नाही, हेही तितक्याच निकराने सांगतो. न्यूझीलंडने १९९० च्या दशकात बाहेरून गुळगुळीत, बिनजोड गिलाव्यासारखं आवरण असलेली हजारो घरं बांधली. छज्जे काढून टाकले, खिडक्या भिंतीच्या सपाटीला आणल्या. पाणी खिडक्यांच्या कडांतून थोडं थोडं आत जात राहिलं आणि त्याला बाहेर यायला वाटच ठेवलेली नव्हती. आतला लाकडी सांगाडा कुजला. २००९ साली प्राइसवॉटरहाउसकूपर्सने तिथल्या सरकारसाठी केलेल्या अंदाजात बाधित घरं सुमारे ४२,००० आणि नुकसान ११.३ अब्ज न्यूझीलंड डॉलर निघालं. कॅनडात व्हँकुव्हरच्या इमारतींचंही त्याच काळात असंच झालं, १९९८ मध्ये माजी प्रीमियर डेव्ह बॅरेट यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमावा लागला. आपल्याकडे लाकडाचा सांगाडा नसतो, पण सळई असते. ओल सळईपर्यंत पोहोचली की ती गंजते, गंज फुगतो, काँक्रीटचं कव्हर फुटून खाली पडतं. तीस-चाळीस वर्षांत इमारत धोकादायक ठरून तुम्ही आज पुनर्विकासाला निघाला आहात, त्यामागे बहुतेक वेळा हीच ओल आहे.

कोकणात मातीच्या भिंतींची घरं होती तेव्हा पावसाळ्याआधी वाऱ्याच्या बाजूला नारळाचे विणलेले झाप उभे करत. झाप भिंतीला चिकटवत नसत, मध्ये अंतर ठेवत. पाऊस झापावर आदळे, त्यातून जे शिंतोडे आत येत ते त्या अंतरातून खाली ओघळत, आणि मागची भिंत वाऱ्याने सुकत राही. आज जगभरचे इमारततज्ज्ञ पावसाळी हवामानात जी भिंत सुचवतात तिचं तत्त्व हेच आहे. सगळ्यांत बाहेर पाऊस झेलणारं आवरण, त्यामागे पाणी खाली वाहून जाईल अशी थोडी पोकळी, मग सलग उष्णतारोधक थर, त्यामागे पाणी आणि हवा अडवणारा सलग पडदा, मग काँक्रीट किंवा ब्लॉकची भिंत. पाणी पहिल्या आवरणातून शिरणारच असं धरून चालायचं आणि त्याला बाहेरची वाट करून ठेवायची. वर्षाला दोन हजार मिलीमीटरहून अधिक पाऊस घेणाऱ्या मुंबईत फक्त रंगाच्या दोन हातांवर आणि सिलिकॉनच्या पट्टीवर भिस्त ठेवणं मला मान्य नाही.

खिडकीकडे विशेष लक्ष द्या, गळतीचं मूळ पुष्कळदा तिथेच सापडतं. खालच्या दगडाला बाहेरच्या बाजूला उतार हवा, त्याची कड भिंतीच्या पुढे आलेली हवी आणि त्या कडेच्या तळाला पाणी तोडणारी खाच हवी. खाच नसेल तर पाणी दगडाखालून वळून भिंतीकडे परत येतं. वर छज्जा हवा. तो पाऊसही अडवतो आणि ऊनही. एसीच्या पाइपचं भोकसुद्धा पाहा. ड्रिल आतून बाहेर उताराचं धरलं तर पाणी बाहेर जातं, उलट धरलं तर भोक म्हणजे घरात पाणी आणणारी नळी होते. त्यात कागदाचा बोळा कोंबून वरून एम-सील थापलेली मी कितीतरी घरांत पाहिली आहे.

आता ओलीचा दुसरा प्रकार, जो पावसाने येत नाही, हवेने येतो. जुलैत मुंबईत बाहेर ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर त्या हवेतली वाफ २६ अंशांच्या आसपासच्या पृष्ठभागावर पाणी होऊन बसते. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीवर बसते तशीच. तुमची खोली २२ किंवा २४ अंशांवर आहे. फटींतून, वीजबोर्डाच्या डब्यांतून, खिडकीच्या चौकटीच्या कडेने बाहेरची दमट हवा भिंतीच्या थंड भागापर्यंत पोहोचली की तिथे पाणी जमतं. भिंतीला आतून व्हिनाइलचा वॉलपेपर, लॅमिनेटचं पॅनेल किंवा ऑइल पेंट असेल तर ते पाणी सुकत नाही आणि त्यामागे बुरशी धरते. कपाट हलवल्यावर मागे दिसणारे काळे ठिपके बऱ्याचदा यातूनच आलेले असतात. ओल आणि बुरशीचा दम्याशी आणि श्वसनाच्या विकारांशी संबंध असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत नोंदवलं आहे. घरात लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर हे ठिपके रंगाखाली झाकू नका.

इथे एक धोक्याची सूचना. थंड देशांच्या नकाशांत वाफ अडवणारं प्लास्टिक भिंतीच्या आतल्या बाजूला दाखवलेलं असतं. तिथे ते बरोबर आहे, कारण तिथे वाफ उबदार घरातून थंड बाहेरच्या दिशेने जाते. आपल्या किनारपट्टीवर एसीच्या खोलीत ती उलट, बाहेरून आत येते. तो नकाशा उचलून इथे चिकटवला तर भिंत आतून सडेल. आपला पडदा बाहेरच्या बाजूला हवा, आणि आतला रंग भिंतीला सुकू देणारा.

आगीबद्दल तडजोड नको. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये १४ जून २०१७ च्या आगीत ७२ माणसं गेली. तिथे बाहेरचं आवरण पॉलिथिलीनच्या गाभ्याचं होतं, आतलं इन्सुलेशनही जळणारं होतं, आणि आग त्या आवरणातून मजल्यामागून मजले चढत गेली. थर्माकोलच्या जातीचे थर स्वस्त आहेत, पण ते जळतात. उंच इमारतीसाठी मी रॉकवूलचा आग्रह धरेन. तो जळत नाही. मात्र तो पाणी न शोषणाऱ्या प्रतीचा हवा. पोकळी असेल तर प्रत्येक मजल्याला आग अडवणारा आडवा पट्टा हवा आणि आवरणाचा चाचणी-दाखला संस्थेच्या दप्तरी हवा. हे नको असेल तर थर लावूच नका, असं मी स्पष्ट म्हणेन.

मग करारात काय लिहून घ्यायचं? ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०१८ साली निवासी इमारतींसाठी 'इको निवास संहिता' काढली. तिच्यात थंड प्रदेश सोडून बाकी हवामानांत इमारतीच्या भिंती आणि खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेला दर चौरस मीटरला सरासरी १५ वॅटची मर्यादा आहे. तिला आरईटीव्ही म्हणतात. छताची यू-व्हॅल्यू १.२ पेक्षा जास्त नसावी, असंही ती सांगते. संहिता तुमच्या शहरात सक्तीची होण्याची वाट पाहत बसू नका. दोन पक्षांनी करारात लिहिलेली अट बंधनकारकच असते. आरईटीव्हीचा हिशेब वास्तुविशारदाच्या सहीने जोडून घ्या. खिडकी, बाल्कनी आणि स्लॅबच्या कडेचे मोठ्या मापाचे छेद जोडून घ्या आणि त्यांत उष्णतारोधक थर पेन न उचलता सलग काढता येतो का, ते स्वतः बोट फिरवून पाहा. तुटत असेल तिथे विचारा. संपूर्ण इमारतीला आवरण लावण्याआधी एका खिडकीसह भिंतीचा नमुना बांधून त्यावर पाण्याचा मारा करून दाखवण्याची अट घाला. ताबा घेण्याआधी थर्मल कॅमेऱ्याने तपासणी घ्या, त्यात तुटलेला थर लगेच उघडा पडतो.

रेराच्या कलम १४(३) नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा किंवा दर्जाचा दोष निघाला तर तो विकासकाने विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. फ्लॅट विकत घेणाऱ्याला हे कायद्याने मिळतं. तुम्ही जुने सभासद आहात, तेव्हा पुढे वाद नको म्हणून तेच संरक्षण करारात 'ओल' आणि 'गळती' हे शब्द घालून स्वतःसाठी लिहून घ्या.

खर्च वाढेल, हे मी लपवत नाही. कुठे कमी करता येईल तेही सांगतो. सगळीकडे थर परवडत नसेल तर ब्लॉकच्या भिंती ठेवा आणि निदान कॉलम, बीम व स्लॅबच्या कडांवर बाहेरून थर घ्या. पश्चिम आणि दक्षिण बाजूंना आधी. गच्चीवर थर घ्याच आणि वरून पांढरी चायना मोझॅक करा. लॉबीतला इटालियन मार्बल कमी करा. म्हाडाच्या, झोपु योजनेच्या आणि पंतप्रधान आवासच्या घरांत राहायला जाणाऱ्यांना ही निवड कुणी विचारत नाही, आणि एसीचं बिल त्यांनाच सगळ्यांत कमी झेपतं. त्यांच्या इमारतींच्या निविदांत हा निकष घालणं हे त्या त्या यंत्रणांचं काम आहे. त्यांनी ते या वर्षी करावं.

ज्यांच्या इमारतीचा पुनर्विकास नाही, त्यांनीही एवढं करावं : बाहेरच्या भिंतीला व्हिनाइल लावू नये, कपाट भिंतीपासून चार बोटं दूर ठेवावं, आणि पावसाळा संपताच घाईने वॉटरप्रूफ रंग मारू नये. आधी चिरा बुजवा, भिंत पूर्ण सुकू द्या. ओल्या भिंतीवर रबरी रंग चढवला की ओल आत कोंडते आणि पुढच्या वर्षी त्याच रंगाचे फुगे येतात.

आजच संस्थेच्या सचिवांकडे लेखी अर्ज द्या. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर 'बाह्य भिंतीची रचना, उष्णतारोधक थर आणि ओल' हा स्वतंत्र विषय घालायला सांगा, आणि प्रकल्प सल्लागाराला त्या सभेत भिंतीचा छेद घेऊन हजर राहायला सांगा. अर्जावर चार शेजाऱ्यांच्या सह्या घ्या आणि पोच मागून घ्या.